ताईसारखा नव्हता म्हणून: खाण्याच्या विकारातील मुलगा-मुलगी फरकाचे एक प्रकरण

शाळेच्या समुपदेशकाने पाठवलेल्या चिठ्ठीत तीन तक्रारी होत्या: वर्गात उलट उत्तरे, घरी आदळआपट, मित्रांपासून फटकून राहणे. मुलगा सोळा वर्षांचा, अभ्यासात पुढे, लांब पल्ल्याचा धावपटू. चिठ्ठीच्या तळाशी, लिहायचे राहून गेले होते म्हणून जोडावी तशी, आणखी एक ओळ होती: ‘घरचा डबा खात नाही, स्वतःचा वेगळा आणतो.’ तो आमच्या दवाखान्यात आला तो राग आवरायला शिकवा, या विनंतीसह.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. या लेखातला मुलगा म्हणजे कोणी एक मुलगा नव्हे. एकमेकांशी जुळणाऱ्या अनेक प्रकरणांतले तपशील एकत्र करून, ओळख पटेल असे सारे काढून टाकून हे प्रकरण रचले आहे. वजनाचे आणि उष्मांकांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. खाण्याचा विकार असलेली मुले-मुली असे लेख शोधून वाचतात आणि त्यातल्या आकड्यांशी स्वतःची स्पर्धा लावतात.

घरात आधीच एक मोजपट्टी होती

आई-वडिलांना हा आजार नवा नव्हता. नेमकी तीच अडचण झाली. थोरल्या मुलीला चौदाव्या वर्षी एनोरेक्सिया नर्व्होझा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने स्वतःला उपाशी ठेवण्याचा विकार, झाला होता. दीर्घ उपचारांनंतर ती सावरली आणि आता कॉलेजात आहे. त्या काळात या दोघांनी जे पाहिले, तेच त्यांच्या लेखी या आजाराचे रूप ठरले. ती गप्प होत गेली. ढगळ कपडे घालू लागली. सगळ्यांना वाढायची आणि स्वतः मात्र ‘मी मगाशीच खाल्लं’ म्हणून उठायची. कोणी जरा आवाज चढवला की माफी मागायची. शिक्षकांनी एकदा कपाळाला आठ्या घातल्या तरी ते तिच्या मनात आठवडाभर घोळत राही. पाळी थांबली म्हणून डॉक्टरकडे नेले आणि तिथून निदानापर्यंत पोहोचले.

धाकट्यात यातले काहीच नव्हते. तो सगळ्यांबरोबर जेवायला बसायचा, पण स्वतःचे वेगळे मापून घेतलेले घेऊन. अंगाला घट्ट बसणारे टी-शर्ट घालायचा. रडला नव्हता. माफी तर कशाचीच मागत नव्हता. आईने थोडे जास्त वाढले की प्रोटीन, फॅट, मॅक्रो यांवर व्याख्यान सुरू व्हायचे, आणि ते ऐकून घेतले नाही तर खुर्ची मागे ढकलून तो उठायचा. ‘मला बारीक व्हायचं नाहीये, मला कट व्हायचंय,’ हे त्याचे ठरलेले वाक्य. कट म्हणजे चरबी जाऊन स्नायू उठून दिसणारा. पहाटे धावणे, संध्याकाळी पुन्हा सराव, रात्री खोलीत दार लावून पोटाचे व्यायाम. पावसात, तापात, परीक्षेच्या सकाळीसुद्धा.

आई पहिल्याच भेटीत म्हणाली, ‘आम्ही हा आजार घरात पाहिलाय हो. याचं तसं नाही. हा भांडतो.’

सुरुवात कशी झाली ते विचारल्यावर वडिलांनी सांगितले की तेराव्या वर्षी तो अंगाने बराच भरलेला होता आणि वर्गात त्यावरून नावे पडली होती. मग धावायला लागला, उतरला, पहिले पदक मिळाले. नातेवाईक, शिक्षक, प्रशिक्षक, सगळ्यांनी वाहवा केली. मुलग्यांच्या कहाणीत हा टप्पा वरचेवर भेटतो: आजारापूर्वी वजन खरोखरच जास्त असते आणि कमी करायला कारण असते. म्हणून सुरुवातीचे कित्येक महिने घरच्यांना आजार दिसत नाही, शिस्त दिसते. कोणाचा मुलगा पहाटे उठून धावायला जातो म्हणून कोणी डॉक्टरकडे नेत नाही.

नाडी

शारीरिक तपासणीत सगळे चित्र पालटले. बसलेल्या अवस्थेत दिवसा नाडी मिनिटाला ४४. उभे केल्यावर ती एकदम चढली आणि रक्तदाब खाली आला. हात थंडगार, बोटांची टोके निळसर, पाठीवर बारीक लव. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, वयाच्या मानाने फार कमी. वजन मात्र वय आणि उंचीच्या तक्त्यात पाहिले तर कसेबसे सामान्य पट्ट्यात बसत होते. ‘मग काय झालं?’ असे वडिलांनी विचारले आणि धावपटूंची नाडी मंदच असते हेही सांगितले.

त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. कसलेल्या धावपटूची नाडी मंद असते. पण उभे राहताच रक्तदाब कोसळणे, थंड हातपाय आणि उतरलेले टेस्टोस्टेरॉन ही तंदुरुस्तीची लक्षणे नव्हेत. वजनाचे गणितही सरासरीशी लावायचे नसते. लहानपणापासूनच्या नोंदी मागवून त्याचा स्वतःचा वाढीचा आलेख काढला, तेव्हा वर्षानुवर्षे एकाच रेषेवरून चाललेला मुलगा दीड वर्षात कितीतरी रेषा खाली घसरलेला दिसला. वजन बरेच उतरूनही तक्त्यात ‘ठीक’ असणे आणि एनोरेक्सियाचे बाकी सगळे निकष पूर्ण होणे, याला डीएसएम-५ मध्ये (अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानाची नियमावली) अटिपिकल एनोरेक्सिया म्हटले आहे. नाव सौम्य वाटले तरी धोका सौम्य नसतो. किशोरवयात दिवसाची नाडी ५० च्या खाली जाणे हा रुग्णालयात दाखल करण्याच्या मान्य निकषांपैकी एक आहे. त्याला दाखल केले. खाणे पुन्हा सुरू करताना रक्तातले फॉस्फेट घसरून जीवावर बेतू शकते, म्हणून सुरुवातीला रोज रक्त तपासले.

निदानाच्या नियमांविषयी इथे थोडे. २०१३ मध्ये डीएसएम-५ येईपर्यंत एनोरेक्सियाच्या निकषांत पाळी थांबणे ही अट होती. म्हणजे पुस्तकाच्या पानावरच मुलग्यासाठी जागा धड नव्हती. तसे पाहिले तर या आजाराचे जे सर्वांत जुने वैद्यकीय वर्णन मानले जाते, ते रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याचे १६८९ सालचे, आणि त्यात दोन रुग्ण आहेत: एक अठरा वर्षांची मुलगी आणि एक सोळा वर्षांचा मुलगा. मुलगा पहिल्या पानापासून तिथे होता. नंतरच्या शतकांत तो नजरेआड झाला.

स्वभाव कधी मोजायचा

आमच्या बैठकीत वाद झाला तो व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीवरून. शाळेला ‘उद्धटपणा’चे स्पष्टीकरण हवे होते. एका सहकाऱ्याचे मत होते की आत्ताच चाचणी घ्यावी, म्हणजे उपचारांची दिशा ठरेल. दुसऱ्याचे म्हणणे, उपाशी माणसाचा स्वभाव मोजणे म्हणजे तापात वजन करून माणसाची चण ठरवणे.

दुसऱ्या मताच्या बाजूने एक जुना, भक्कम पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. सगळे पुरुष, सगळे स्वेच्छेने आलेले, शरीराने आणि मनाने निरोगी म्हणून पारखून घेतलेले. सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरवले. त्या काळात हे शांत, सहकार्य करणारे तरुण चिडखोर झाले, एकलकोंडे झाले, विनोद विसरले, खाण्याखेरीज त्यांना दुसरा विषय सुचेना. काही जण पाककृती जमवत बसायचे. आमच्या मुलाबद्दल शाळेने लिहिलेले प्रत्येक विशेषण त्या प्रयोगाच्या वर्णनात सापडते. पुरुष उपाशी राहिला की काय होते, हे जगाला त्या प्रयोगातून कळले, आणि तरीही उपाशी मुलगा समोर आला की आपण त्याला वाईट वळणाचा समजतो.

शेवटी मधला मार्ग काढला. चाचणी घ्यायची, पण निष्कर्ष काढायचा नाही; वजन सावरल्यावर पुन्हा घ्यायची आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. शाळेला फक्त एवढेच कळवले की मुलगा शारीरिकदृष्ट्या आजारी आहे आणि वागणुकीबद्दल सध्या कोणताही शिक्का मारू नये. व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान अठराच्या आत करायचे तर लक्षणे किमान वर्षभर टिकलेली हवीत, असे डीएसएम-५ सांगते. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचे निदान तर त्या वयाआधी करताच येत नाही. हे शाळेला सांगावे लागले, कारण तिथल्या एका पत्रात तो शब्द येऊन गेला होता.

वापरली ती रॉबर्ट क्लोनिंजर यांच्या स्वभाव-चारित्र्य प्रश्नावलीची किशोरवयीनांसाठीची आवृत्ती. तिच्यात स्वभावाच्या चार बाजू मोजतात: नावीन्याची ओढ, धोका टाळण्याची वृत्ती, इतरांच्या मायेवर आणि मान्यतेवर अवलंबून असणे, आणि चिकाटी. चारित्र्याच्या तीन: स्वतःची दिशा स्वतः ठरवणे, सहकार्य, आणि स्वतःपलीकडे पाहणे. त्याचा निकाल असा आला. चिकाटी अगदी वर. नावीन्याची ओढ कमी. धोका टाळण्याची वृत्ती त्याच्या वयाच्या मुलग्यांच्या मानाने जास्त. इतरांच्या मान्यतेची गरज कमी, सहकार्य बरेच कमी. स्वतःची दिशा ठरवण्याची क्षमता तळाला.

त्याच आठवड्यात खाण्याच्या विकारांची नेहमीची प्रश्नावली भरून घेतली. बारीक होण्याची ओढ: मध्यम. शरीराविषयी असमाधान: मध्यमाच्याही खाली. कागदावर पाहिले तर मुलगा फारसा आजारी नाही. मग प्रश्न वाचले. मांड्या फार मोठ्या आहेत का, नितंब फार मोठे आहेत का, कंबर रुंद वाटते का? याला मांड्यांची काळजी नव्हती. मांड्या बारीक आहेत, छाती सपाट आहे, पोटावरची शेवटची चरबी जात नाही, ही त्याची दुखणी होती, आणि ती कोणी विचारलीच नव्हती. प्रश्नावल्या बहुतांशी मुली आणि स्त्रियांना समोर ठेवून घडवल्या गेल्या. स्नायूंच्या ओढीसाठी वेगळी मोजमापे २००० च्या सुमारास येऊ लागली. मुलग्याचे कमी गुण म्हणजे कमी आजार असे मानणाऱ्याने आधी प्रश्नपत्रिका वाचावी.

दोन कागद शेजारी

ताईचे जुने अहवाल आई-वडिलांनी जपून ठेवले होते. आम्ही ते तिची स्वतःची परवानगी घेऊन पाहिले. ती आता सज्ञान आहे आणि ‘त्याच्या उपयोगाचं असेल तर बघा’ म्हणाली. तिची तीच चाचणी उपचारांच्या सुरुवातीला झाली होती.

धोका टाळण्याची वृत्ती: तिची खूप जास्त, त्याची तिच्यापेक्षा बरीच कमी. मान्यतेची गरज: तिची जास्त, त्याची कमी. सहकार्य: तिचे जास्त, त्याचे कमी. इथवर पाहिले तर दोन वेगळ्या आजारांची मुले वाटावीत. पण चिकाटीच्या आणि स्वतःची दिशा ठरवण्याच्या ओळी जवळजवळ एकावर एक बसत होत्या. दोघेही एकदा ठरवले की न थांबणारी, आणि दोघांनाही आतून खात्री की आपण स्वतः काही ठरवू शकत नाही, काहीतरी बाहेरचे, मोजता येणारे हाताशी हवे. तिने ते गुणपत्रिकेत आणि वजनाच्या काट्यात शोधले. त्याने धावण्याच्या वेळेत आणि पोटाच्या स्नायूंत.

भावंडांच्या दोन कागदांवरून नियम निघत नाही. पण मोठ्या अभ्यासांतही चित्र याच दिशेचे आहे. खाण्याचा विकार असलेले पुरुष त्याच विकाराच्या स्त्रियांपेक्षा धोका टाळण्यात, मान्यतेच्या गरजेत आणि सहकार्यात कमी गुण घेतात, असे एकाहून अधिक अभ्यासांत दिसले आहे. ते वाचून ‘पुरुषांचा आजार वेगळ्या स्वभावातून येतो’ असे म्हणण्याचा मोह होतो. मग निरोगी लोकांकडे पाहिले की कळते, धोका टाळणे आणि मान्यतेची गरज या बाबतींत स्त्री-पुरुषांत हाच फरक सर्वसाधारण समाजातही आहे. म्हणजे आजारी मुलगा आणि आजारी मुलगी यांच्यात जे अंतर दिसते, त्यातले बरेचसे मुलगा आणि मुलगी यांच्यातले अंतर आहे. आजारी आणि निरोगी यांना वेगळे काढणारी गोष्ट पाहायची असेल तर दोघांत समान काय आहे तिकडे वळावे लागते: अट्टहास, लवचीकतेचा अभाव, स्वतःवरचा अविश्वास.

माझ्या मते या सगळ्या विषयातली कामाची गोष्ट हीच आहे, आणि ती दवाखान्यात रोज उलटी केली जाते. मुलगी आजारी आहे हे ओळखायला आपण तिचा मुलगीपणा वापरतो: रडते, घाबरते, मन राखते. मुलगा त्या यादीत बसत नाही, म्हणून यादीबाहेर राहतो.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरायला हवी. लिंगापेक्षा आजाराचा प्रकार पुष्कळदा जास्त बोलतो. फक्त खाणे आवळणाऱ्या मुलामुलींत संयम आणि ताठरपणा जास्त; भसाभस खाऊन ते उलटून टाकणाऱ्यांत उतावळेपणा आणि नावीन्याची ओढ जास्त, मग तो मुलगा असो वा मुलगी. त्यामुळे भांडखोर, उतावळी मुलगी आली तर तिच्यावरही अन्याय होतो, फक्त उलट्या दिशेने: तिचा खाण्याचा विकार दिसतो, पण राग दिसला की लगेच तिला ‘बॉर्डरलाईन’, म्हणजे भावनांच्या अस्थिरतेचा व्यक्तिमत्त्व विकार असलेली, ठरवून टाकतात. मवाळ, मन राखणारा मुलगा आला तर त्याला विकार नाही, तो फक्त ‘हळवा’ आहे.

आकड्यांचेही तसेच. दवाखान्यांत पूर्वापार दहा रुग्णांमागे एखादा पुरुष, असे गणित सांगितले जाई. अमेरिकेत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत, जी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, आयुष्यात कधीतरी एनोरेक्सिया झालेल्या स्त्रिया ०.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के निघाले. अनावर खाण्याच्या विकारात ३.५ आणि २ टक्के. दाराबाहेरचे प्रमाण आणि दारातून आत येणाऱ्यांचे प्रमाण यांत एवढी तफावत असेल, तर दवाखान्यातल्या मूठभर पुरुषांवरून ‘पुरुष रुग्णाचे व्यक्तिमत्त्व’ रंगवताना हात आखडता घ्यायला हवा. आत पोहोचतात ते बहुधा सगळ्यांत उशिरा आलेले किंवा सगळ्यांत जास्त आरडाओरडा करणारे.

जेवणाच्या टेबलावर

उपचार कुटुंबाधारित पद्धतीने केले. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून ही पद्धत पुढे आली. तिच्यात पहिल्या टप्प्यात खाण्याचा कारभार पूर्णपणे आई-वडिलांच्या हाती जातो, वजन सावरले की हळूहळू मुलाच्या हाती परत येतो, आणि मग वयाच्या इतर प्रश्नांकडे वळतात. आजार आणि मूल वेगवेगळे धरायचे, दोष कोणालाच द्यायचा नाही.

या आई-वडिलांना ही पद्धत पाठ होती. पण मुलीच्या वेळी जे चालले ते इथे चालेना. आईचे हत्यार होते विनवणी. ‘माझ्यासाठी एवढं खा.’ मुलीला आईच्या डोळ्यांतले पाणी सोसत नसे, ती हुंदके देत का होईना खात असे. (त्याचीही किंमत तिने मोजलीच, पुढे कितीतरी सत्रे त्या अपराधीपणावर गेली.) मुलाला तीच विनवणी केली की दार आपटले जाई. मान्यतेची गरज मुळात कमी, त्यात पोटात आग. आईचे अश्रू त्याला दबाव वाटायचे. वडील तर आधीच मागे सरले होते. ‘वयात आलेला मुलगा आहे, फार लागू नका त्याच्या मागे’, आणि मनात, बहुधा, अंगावर धावून येईल ही धास्ती. मुलीच्या वेळी अशी धास्ती त्यांना वाटली नव्हती.

म्हणून मोडायचे काय आणि वापरायचे काय, हे त्याच्या स्वभावावरून ठरवले. विनवणी बंद. चर्चा बंद, विशेषतः पोषणशास्त्रावरची. त्या चर्चेत तो दर वेळी जिंकायचा आणि ताट तसेच राहायचे. नावीन्य नको वाटते ना, मग रोज त्याच वेळा, तीच जागा, तेवढेच वाढणे. चिकाटी आहे ना, मग ठरलेला आलेख भिंतीवर: नाडी इतकी आणि रक्तदाब इतका स्थिर राहिला की चालायला परवानगी, त्यापुढे हलका सराव, त्यापुढे धावणे. वडिलांना टेबलावर परत आणले. त्यांच्याकडून एकच अपेक्षा, ताट संपेपर्यंत शेजारी बसून राहायचे, ओरडायचे नाही आणि उठायचेही नाही. पहिल्या आठवड्यात एक बशी फुटली. वडील उठले नाहीत.

बहिणीला एका सत्राला बोलावले होते. बराच वेळ ती ऐकत होती. तो नेहमीप्रमाणे ‘मला तिच्यासारखं काही झालेलं नाही’ म्हणाल्यावर ती म्हणाली, ‘मी माफी मागत मागत जेवण टाळायचे. तू भांडत भांडत टाळतोस. ताटात उरायचं तेवढंच उरतं.’ तो त्यावर काही बोलला नाही, पण त्या सत्रानंतर आपले ते ठरलेले वाक्य त्याने पुन्हा वापरले नाही.

मनातले विचारले की त्याचे उत्तर ठरलेले: ‘माहीत नाही.’ आम्ही भावना विचारणे सोडले आणि शरीर विचारू लागलो. जेवणाआधी पोटात काय होते, जबडा घट्ट आहे का, पाय हलतो आहे का? त्यावर तो बोलायचा, आणि नेमके बोलायचा. ताईच्या बाबतीत शब्दांची कमतरता कधीच नव्हती. तिचे सगळे शब्द स्वतःवर उलटलेले असायचे, एवढाच फरक.

वजन आले, आणि मग

वजन सावरायला लागले तसे घर सुटकेचा नि:श्वास टाकू लागले. त्याच सुमारास त्याने प्रोटीन पावडर मागितली, जिम लावायची म्हणाला, आणि आरशासमोरचा वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. वडील खूश. ‘आता खातोय ना पोटभर?’ खात होता. पण दर तीन तासांनी, गजर लावून, एक खाणे चुकले तर मित्राच्या वाढदिवसालाही न जाता.

मुलग्यांच्या बाबतीत या वळणावर फार सावध राहावे लागते. हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मसल डिसमॉर्फियाचे वर्णन केले: अंगावर पुरेसे स्नायू असूनही आपण किरकोळ आहोत अशी पक्की समजूत. डीएसएम-५ मध्ये ती शरीरप्रतिमेच्या विकाराचा एक प्रकार म्हणून नोंदली आहे, खाण्याच्या विकारांत नाही. म्हणून खाण्याच्या विकारांचा चमू ‘आमचे काम संपले’ म्हणून फाईल बंद करू शकतो. आमच्यातही दोन मते होती. एकाला हे वयसुलभ वाटले. सोळा-सतरा वर्षांच्या किती मुलांना जिमचे वेड नसते? माझे लक्ष मात्र त्या गजराकडे होते. वेड आणि विकार यांतली रेघ दंडाच्या मापात सापडत नाही. ठरलेले मोडले तर काय होते, तिथे सापडते. त्याचे एक खाणे मुद्दाम उशिरा करायला लावले, तेव्हा तीच जुनी आदळआपट परत आली.

तेव्हा फाईल उघडी ठेवली आणि पुढचे काम खाण्यावरून अट्टहासावर नेले. लहान लहान प्रयोग: एका दिवशी घड्याळाशिवाय धावणे, एक खाणे न मोजता, एक सराव जाणूनबुजून अर्ध्यावर सोडणे आणि मग काय होते ते लिहून ठेवणे. चिकाटी कमी करणे हा हेतू कधीच नव्हता, तो साधलाही नसता. ती कोणाच्या ताब्यात आहे, एवढाच प्रश्न होता.

वजन त्याच्या स्वतःच्या जुन्या रेषेवर काही महिने टिकल्यावर दुसरी चाचणी घेतली. सहकार्य मध्यावर आले होते. धोका टाळणे थोडे उतरले, नावीन्याची ओढ किंचित वर. चिकाटी जिथे होती तिथेच. स्वतःची दिशा ठरवण्याची क्षमता वाढली, पण अजून समवयस्कांच्या खालीच. शाळेने ज्याला उद्धटपणा म्हटले होते, त्याचा मोठा भाग भुकेचा होता. न थांबणे मात्र त्याचेच होते, तेराव्या वर्षाच्या आधीपासूनचे. आईला आठवले की लहानपणी कोडे अर्धवट राहिले तर तो झोपत नसे. दोन्ही गोष्टी पहिल्या चाचणीच्या एकाच कागदावर सारख्याच ठळक दिसल्या होत्या.

सध्या

शाळेतल्या तक्रारी थांबल्या आहेत. टेस्टोस्टेरॉन वयाच्या पट्ट्यात आले. हाडांची घनता अजून कमी आहे. ती सगळ्यांत उशिरा भरते आणि पूर्ण भरेलच असे नाही, हे त्याला आणि आई-वडिलांना स्पष्ट सांगितले आहे. स्पर्धेत उतरायची परवानगी पुढच्या तपासणीनंतर ठरेल, आणि प्रशिक्षकाला लेखी कळवले आहे की वजनाविषयी, चांगले किंवा वाईट, काहीही बोलायचे नाही. जिम आठवड्यातून ठरावीक दिवस, पावडर नाही.

आजार उलटला तर ओळखायचा कसा, याची यादी प्रत्येक कुटुंब करते. ताईची जुनी यादी आईने समोर ठेवली होती: गप्प बसणे, ढगळ कपडे, सारखे सॉरी म्हणणे. त्याने ती वाचून बाजूला सारली आणि स्वतःची लिहिली. तिच्यात पहिले कलम असे आहे: ‘मी जेवताना आकडे सांगून वाद घालायला लागलो तर मला उत्तर देऊ नका. वाढा, बाबांना शेजारी बसवा, आणि दुसऱ्या दिवशी नाडी मोजायला न्या.’